अकरा सेकंदांत फोन

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन आजीबाई नंबरची वाट बघत बसल्या होत्या.

“मुलाचा फोन येतो का हो?”

“आता रोज येतो. तो ज्या कंपनीचे फ्लॅट विकतो ना, त्या कंपनीच्या वेबसाइटवर मी चौकशीचा फॉर्म भरला. अकरा सेकंदांत फोन.”

“स्वतः बोलतो?”

“मशीन बोलतं, पण आवाज त्याचाच भरलाय. आधी मी फोन केला की ‘मीटिंगमध्ये आहे’ एवढाच मेसेज यायचा. आता विचारतो, ‘मॅडम, आपण कशा आहात?’”

“मग तुम्ही?”

“गुडघ्याचं सांगते. मध्ये तोडत नाही, सगळं ऐकून घेतो. मग म्हणतो, ‘अरे वा, छान. दोन खोल्यांचा बघताय की तीन?’”

“त्यावर काय म्हणता?”

“विचार करून सांगते म्हणते. म्हणजे दुसऱ्या दिवशी परत फोन करतो.”