बाबांनी वाढवलेला मार्क

चूक शंभर टक्के बाबांची, आधीच सांगतो. माझं जुनं क्रिकेट कार्ड, खेळाडूचा फोटो असलेलं, संग्राहक मोठी किंमत देऊन घेतात तसलं, एका कंपनीने तपासून, दहापैकी नऊ ग्रेड देऊन प्लास्टिकच्या डबीत सील केलेलं. ते ठरलेल्या गिऱ्हाइकाला विकून मी पवईत भाड्याने खोली घेणार होतो, कारण कॉलेज सोडल्यापासून या रिटायर्ड मास्तरांचं लेक्चर रोज फुकट ऐकतोय.

घरी आलो तर डबी फोडलेली आणि बाबांच्या हातात कात्री.

"बाबा, काय केलंत हे?"

"अरे, झिजलेल्या कोपऱ्यापायी एक मार्क गेला होता. चारही कोपरे सारखे कापले. तुझ्यासारखं अर्धवट सोडायची सवय नाही मला."

"कापलेल्या कार्डाला ग्रेडच मिळत नाही! कचरा झाला त्याचा!"

"मग तपासणाऱ्यालाच अक्कल नाही. रीचेकिंगला टाक."

गिऱ्हाईक गेलं. मी अजून बाबांच्याच घरात राहतो.