नकाशावरचे डबे

परभणीच्या हाडांच्या दवाखान्यात दैवशाला नंबरची वाट बघत होती. कान मात्र शेजारच्या बाकावर. तिथं गुडघ्याला पट्टा बांधलेले सत्तरीचे बिरूअण्णा बायकोला, कोंडाबाईला, विचारत होते.

"नकाशा बघून डोंगरात खुणा हुडकायची शर्यत रविवारी हाय. डाक्टर जा म्हणतील का?"

"गेल्या साली तुमी नकाशा न बघताच पळाले, अन् नाल्यात पडले."

"मेंढरं राखलेल्या रानात नकाशा कशाला, वाटलं. पण वर्षभर सरावासाठी तू रानात लपवलेले डबे मी लंगडत लंगडत नकाशावरूनच हुडकले की!"

"सगळे घावले, खरं हाय."

"तरी डाक्टर न्हाई म्हणले तर?"

"तर मी जाते. माझंबी नाव दिलंय."

"तुला नकाशा कळतो?"

"डब्यांच्या खुणा नकाशावर कोण करत होतं?"

"मंग तर तूच जिंकशील, मला जावंच लागंल!"

"उठा, नंबर आला. अन् आत लंगडू नका."