ताडपत्रीच्या खुंट्या

हसू नका बायांनो, त्या दिवशी जीवच जायचा होता आमचा. एकाहत्तर सालची गोष्ट. प्रवरेवर आमची होडी होती. पावसाचं म्हणून आमच्या मालकांनी होडीवर ताडपत्री बांधली, तीही पक्क्या निरगाठी मारून.

मी म्हणाले, "वारा शिरला तर सोडणार कशी? दोरीचा फास करा, फासात लाकडाची खुंटी घाला. खुंटी उपसली की दोरी मोकळी."

"होडी हाय ही, म्हशीचं दावं न्हाई!"

मी माझ्या बाजूला चार खुंट्या घातल्याच.

ऐन धारेत माझ्याच बाजूनं वारा आत शिरला. ताडपत्री फुगली, होडी कलंडली, पाणी आत यायला लागलं. शेजारी सून, तिच्या मांडीवर दोन महिन्यांचा नातू. मालक वल्हं टाकून भिजल्या गाठीला नखं लावत ओरडत होते, "सुटंना गं, सुटंना!"

मी भराभर एकेक खुंटी उपसली. ताडपत्री फडफडत पलीकडे पडली आणि होडी सरळ झाली.

काठाला लागल्यावर मालक विचारतात, "लई भ्याली व्हय?"

"भ्याले म्हणूनच खुंट्या घातल्या," मी म्हणाले. "तुमच्यावानी शूर असते, तर सून-नातू आत्ता तळाला असते."