नेरो

(लुडविग्सहाफेन, जर्मनी, २०१४. दुपार. इमारतीच्या जिन्यात वरच्या मजल्यावरचे म्हातारे शेजारी स्टाव्रोस कुशीवर पडलेले. द्रौपदीच्या हातात ग्लास. मध्ये तिची सून प्राची.)

द्रौपदी: सरक, प्राची. घोटभर पाजू दे त्याले.

प्राची: आई, ग्लास खाली ठेवा. स्ट्रोक वाटतोय. तोंड बघा, एका बाजूला ओढलंय.

द्रौपदी: ओठ पार सुकले. मघापासून 'नेरो, नेरो' करून राहिला. काय म्हणते तो?

प्राची: पाणी मागतायत. ग्रीकमध्ये.

द्रौपदी: अन् तू नाही म्हणते?

प्राची: गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जाईल. फोनवर नोटरुफची, ॲम्ब्युलन्सवाली बाई म्हणाली, गाडी येईपर्यंत तोंडात काही घालू नका.

द्रौपदी: तू रसायनाची डॉक्टर. माणसाची नाही.

प्राची: म्हणूनच तिचं ऐकतेय.

स्टाव्रोस: नेरो...

द्रौपदी: काल तर माझ्याशीही जर्मन बोलत होता.

प्राची: गेलं असेल ते या झटक्यात. ग्रीक तेवढं राहिलं.

द्रौपदी: माझी आई गावच्या विहिरीपासून दूर उभी राहून अशीच मागे. काठावरचे म्हणत, थांब, आता नाही. आज ग्लास माझ्या हातात अन् मी थांब म्हणू?

प्राची: आई, हे तसं नाही.

द्रौपदी: मागणाऱ्याले काय फरक दिसते?

प्राची: त्यांना कुशीवरच राहू द्या.

द्रौपदी: बोल ना.

प्राची: त्यांनीच सांगितलं होतं मला. नेरो म्हणजे मुळात पाणी नाहीच, 'ताजं'. पाण्याला जुना शब्द वेगळा होता, आपल्या हायड्रोजनमधला हायड्रो तोच. लोक 'ताजं पाणी' म्हणायचे. म्हणता म्हणता पाणी गळून पडलं, ताजं तेवढं उरलं.

द्रौपदी: नुसतं ताजं म्हटलं की मिळे?

प्राची: हो.

द्रौपदी: आम्हालेही पाणी म्हणावं नाही लागे. 'द्या' म्हणायचो. तेवढंच.

स्टाव्रोस: नेरो.

द्रौपदी: रुमाल ओला करून ओठाले लावू?

प्राची: घट्ट पिळा. थेंबही आत जाता कामा नये.

द्रौपदी: घे, दादा. रागावू नको.

प्राची: सायरन. आले ते. मी खालचं दार उघडते.

द्रौपदी: अन् गाडीत बस त्याच्यासोबत.

प्राची: मी जाऊन काय करू? तिथंही लगेच पाणी देणार नाहीत.

द्रौपदी: नाही देत तर नाही. पण त्यानं 'नेरो' म्हटलं की 'समजलं' म्हणून सांग त्याले.