चार नंबरचं मशीन

—न्हाई, न्हाई साहेब, त्या खुर्चीवर नका बसू, डुगडुगती ती. हितं बसा. तुमची चिठ्ठी कळली मला. जी, एच, टी — हे तिन्ही अक्षरं एकाच शब्दात पाह्यजेत, आन् तसले शब्द माझ्या सगळ्या इंग्लिश मशीनवर मारून दाखवायचे. बराबर? कोणाचा तरी निनावी अर्ज गेला वरती, त्यात एच ओळीच्या वर उडतो, जीचं पोट शाईनं भरतं आन् टीचा एक हात तुटलेला. म्हणून तुम्ही जिल्हाभरातले टायपिंग क्लास हुडकत फिरून राह्यले. अर्ज काई तुम्ही दाखवला न्हाई, नुसती चिठ्ठी दाखवली. मीबी मागितला न्हाई. आपल्याला काय करायचा दुसऱ्याचा अर्ज.

आन् शब्दांचं म्हणाल तर चौदा वर्षं हेच करून राह्यलो जाफराबादेत. कोणाचं बोट कोणत्या अक्षराला अडतं ते बघायचं, त्या अक्षरांचे शब्द हुडकायचे, घोटून घ्यायचे. हे बघा, एक नंबर — नाइट, राइट, लाइट, टाइट. दोन नंबर — थिंग, हाइट, लेंथ, स्ट्रेंथ. तीन नंबर — टुगेदर, लाफ्टर, घोस्ट. लावा तुमचं भिंग. एच जाग्यावर, टीचे दोन्ही हात शाबूत. दोन नंबरचा जी भरलाय, पण तो धुळीनं भरलाय, टाचणीनं कोरला की साफ. एखादी खोड कोणत्याबी मशीनला असतीच साहेब, तिन्ही एकदम असल्या तर बोला. झालं मंग. चहा सांगू?

चार नंबर? त्याची रिबन वाळलीय. जालन्याहून मेकॅनिक यायचाय, तवर बंदच ठेवलंय. राहू द्या ते कव्हर — राहू द्या साहेब, धूळ बसती. रजिस्टर? रजिस्टर घरी राह्यलं. म्हणजे हाय हितंच, पण ते कशाला बघता? लेकरांची नावं हायेत नुसती. माझ्या क्लासात ज्याचं मशीन त्याचंच असतं, पहिल्या दिवशी जिथं बसलं तिथंच परीक्षेपर्यंत बसायचं, दुसऱ्याच्या मशीनवर हात बिघडतो. म्हणून मशीनच्या नंबरासमोर नाव लिव्हतो, दुसरं काई न्हाई. हां? डॉटर राह्यला म्हणता? असन राह्यला. हायेत, तिन्ही अक्षरं हायेत त्यात. सुचला न्हाई मला. मला पोरगी न्हाई, कसा सुचावा.

काय म्हणले? कुण्या अडाण्याचं काम? चुकांनी भरलाय? चुका कुठून आल्या त्यात? बत्तीस ओळी हायेत साहेब, मला एक चूक दाखवा. एक. समास बराबर सोडलेला, कॉमानंतर जागा सोडलेली, खोडाखोड बिलकुल न्हाई. फॉर्टी स्पीडच्या परीक्षेला असा कागद आला तर —

हसू नका साहेब.

बरं. वाचलाय मी. हितंच कचऱ्याच्या डब्यात त्या अर्जाचा कार्बन कागद सापडला, उजेडाला धरून वाचला आन् चुलीत घातला. त्या दिवशी मला जेवण गेलं न्हाई. त्यात लिव्हलं होतं — हितल्या वसतिगृह सांभाळणारी बाई रात्री पोरींच्या खोलीला बाहेरून कुलूप लावून घरी गेल्ती. आत एक पोर तापानं फणफणली, बाकीच्या दार बडवत राह्यल्या. सकाळी कुलूप निघालं तवा पोर सरली होती. नऊ वर्षांची. दोन महिने झाले, तिची चौकशी करायला कोणी आलं न्हाई. तुम्ही आले, ते कागद कोणी मारला हे हुडकायला आले. राग येतो मला, तोंडावर सांगतो. आन् इंग्लिशमधीच का, हे विचारू नका. मराठीत लिव्हलं की बोलीवरून माणूस सापडतो, इंग्लिशवरून गाव कळत न्हाई. डोकं लावून केलेलं काम हाय ते, अडाण्याचं न्हाई.

मीच केलं. लिहा — मच्छिंद्र काकासाहेब, राहणार जाफराबाद. क्लास बंद करा, मशीनं उचलून न्या. बाकी कोणाचा संबंध न्हाई. वसतिगृहात स्वैपाक करती त्या गिरिजाबाईचा तर बिलकुल न्हाई, तिच्या नोकरीला हात लावू नका. मी तिचं नाव का काढलं? सकाळी कुलूप तिनं उघडलं, म्हणून काढलं. आन् तिच्या पोरीचं तर मी नावबी घेतलं न्हाई. तिला पोरगी हाय हे — हे मीच बोललो का आत्ता?

साहेब, निघा तुम्ही. पाचची बॅच यायची झाली. माझं नाव लिव्हलं ना? मंग झालं तुमचं काम. उठा, जल्दी उठा, जिन्यात चप्पल वाजली.

बेबीनंदा, आज सुट्टी हाय. घरी जा. हे साहेब असेच आलेत, तू जा. जा म्हणलो ना. तिकडं कुठं — आज एक नंबरवर बस. तिथून ऊठ, ऊठ आधी. कव्हर कशाला काढून राह्यली, रिबन वाळलीय त्याची. साहेब, तिच्याकडं काय बघता, माझ्याकडं बघा. बेबी, ऐक माझं, तुझ्या आईची नोकरी हाय तिथं, जरा तिचा इचार कर.

काय? आईनंच सांगितलं? एकेक ओळ तिनंच सांगितली?

बरं.

कागद सरळ लाव. पाठ ताठ ठेव, बटणाकडं बघू नको. साहेबांना एक शब्द पाह्यजे होता, तो घे. डॉटर.