दहा लाख तीन

आदरणीय अध्यक्ष फादर फ्रान्सिस, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, सत्कारमूर्ती व्हॅलेरियन सर, सहकारी शिक्षक, वाडीची कामं टाकून आलेले पालक आणि विद्यार्थी मित्रहो,

सर आज निवृत्त होताहेत आणि येत्या जूनपासून त्यांचा गणिताचा तास मला घ्यायचा आहे. त्यांचा विद्यार्थी म्हणून अभिमानाने चार शब्द बोलायचे, असं ठरवून आलो होतो. आता मान वर करायची लाज वाटते आहे.

मॅट्रिकच्या शेवटच्या तासाला सर फळ्यावर एकच संख्या लिहीत: १०,००,००३. म्हणत, “दहा लाख ओलांडल्यावर भेटणारी ही पहिली मूळ संख्या. एक आणि ती स्वतः, यांच्याखेरीज कुणाचाच भाग तिला निःशेष जात नाही.” इनेझबाई, म्हणजे सरांच्या पत्नी, गेल्या त्या वर्षी मन कुठेतरी गुंतावं म्हणून सरांनी हजाराच्या आतल्या साऱ्या मूळ संख्यांनी तिला हाताने भागून पाहिलं होतं. आपल्यापैकी कोण विसरलंय ते?

म्हणून समितीने ठरवलं, सरांना सागवानी खुर्ची द्यायची आणि तिच्या पाठीवर ती संख्या कोरायची. तेव्हा आपले खजिनदार जयरामभाऊ म्हणाले, “मास्तर, आहेर तीनावर कोन संपवतो? एकशे एक, हजार एक, असाच देतात ना? करा की दहा लाख एक!” सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. कुठूनही वाचा, तीच. काय शोभिवंत संख्या! शिवाय शेवटी एक आहे, म्हणजे मूळच असणार, असं धरून चाललो. जयरामभाऊ, तुम्ही मायेने बोललात. गणिताचा मास्तर मी होतो हो!

मघाशी खुर्चीवरची चादर काढली. सरांनी आकड्यावरून बोट फिरवलं आणि हळूच विचारलं, “मार्सेल, भागून पाहिलंस ना?” मी म्हणालो, “हो, सर.” धडधडीत खोटं! मग मुलींचं गाणं सुरू झालं आणि मी मनात भागायला बसलो. सात नाही, अकरा नाही, तेरा नाही... एकशे एकने भाग गेला! नऊ हजार नऊशे एक वेळा, बाकी शून्य. आहेराच्याच आकड्याने आमची संख्या फोडली.

सर आयुष्यभर ताठ बसले. वर्गात त्यांची पाठ टेकलेली कुणी पाहिली नाही. आज बघा, कसे रेलून बसलेत. आकडा झाकताहेत, माझी चूक तुम्हा कुणाला दिसू नये म्हणून. यापेक्षा छडी मारली असती तर बरं झालं असतं, सर!

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, खुर्ची घडवणाऱ्या पीटर सुतारांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर तेवढं पोटात घाला. आकड्याचं मात्र घालू नका. या सुट्टीत मी दहा लाख तीनला स्वतः भागेन, एकही संख्या न गाळता, आणि मगच सरांच्या दारी जाईन.

सर, आता ताठ बसा. दिसू दे सगळ्यांना.