शेवटच्या डावातली रांग

मासानच्या मैदानात बेसबॉलच्या बाद फेरीतल्या सामन्याचा शेवटचा डाव चालू होता. स्टँडच्या मागे भाजलेल्या माकुळांच्या गाडीसमोर रांग होती. रांगेत ओक-बुन नावाच्या बाईच्या पुढे एक म्हातारा उभा होता आणि त्याची मुलगी त्याची बाही ओढत होती.

"अप्पा, चला ना आत! एकाच धावेनं मागे आहोत, दोघं बेसवर आहेत."

"ते कधी पोचले बेसवर?"

"आत्ताच."

"म्हणजे मी बाहेर आल्यावर. इतका वेळ मी आत बसलो, तर एकाची तरी बॅट चेंडूला लागली का?"

"पोरं फॉर्मात नाहीत, त्याला तुम्ही काय करणार?"

"लांब राहणार."

"अहो, तिकीट तुमच्यासाठी काढलं मी! जन्मभर वाट बघितलीत या दिवसाची."

"म्हणूनच तर. तू जा, घसा फाटेस्तोवर ओरड."

"आणि जिंकलो तर?"

"येईल की आवाज इथवर."

मुलगी पाय आपटत गेली. आतले ढोल एकदम थांबले. म्हाताऱ्याचा नंबर आला, तसा तो मागे वळला.

"वहिनी, तुम्ही व्हा पुढे. मला घाई नाही."

"नको, भाऊजी," ओक-बुन म्हणाली. "मलाही नाही."

म्हाताऱ्यानं तिच्याकडे निरखून बघितलं.

"तुम्ही कधीपासून?"

"पाचव्या डावापासून. नवऱ्यानंच बाहेर धाडलं."

"आणि मला सासूनं," मागून कुणीतरी पुटपुटलं.

गाडीवाली कावली.

"अहो, माकुळं करपली माझी! कुणाला काही घ्यायचंय की नाही?"

तेवढ्यात आत खाडकन बॅट वाजली.

रांगेतलं कुणीच जागचं हललं नाही.